‘नौपाडा येथे वाचून पाहिली’

पुरवणी जबाब
दिनांक : १६ फेब्रुवारी २०२६, सोमवार. वेळ : सकाळी ११.४०.
नाव : हेमांगी साकेत वर्तक. वय : ४६ वर्षे. शिक्षण : बी.एस्सी. (भौतिकशास्त्र), संगणक पदविका. व्यवसाय : नोकरी, संगणक विभाग प्रमुख, निर्झर डाइकेम प्रा. लि. राहणार : टिळकनगर, डोंबिवली (पूर्व).

मी हेमांगी वर्तक पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून सांगते की, या गुन्ह्यात माझा पहिला जबाब १६ जानेवारी रोजी घेण्यात आला. त्याला आज एक महिना झाला. मधल्या काळात मला ठाण्यातून दोनदा फोन आला. दोन्ही वेळा मी तब्येत बरी नसल्याचे सांगितले. तब्येत बरी होती. एवढे दिवस गप्प राहिल्याबद्दल मी तपासी अधिकारी, सहायक पोलीस निरीक्षक सोनवळे साहेब यांची माफी मागते. खरे तर ज्यांची मागायला हवी, ते या खोलीत नाहीत.

मी कॉलेजपासून रोजनिशी लिहिते. खाली दिलेल्या तारखा तिच्यावरून दिल्या आहेत. १९ जानेवारीनंतर मी रोजनिशीही लिहिलेली नाही, त्यामुळे त्यापुढच्या तारखा फोनमधल्या नोंदींवरून आणि आठवणीने सांगत आहे.

आमच्या कंपनीचा कारखाना डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत आहे आणि मुख्य कार्यालय ठाण्याला नौपाड्यात. कारखान्यातल्या प्रत्येक रिअॅक्टरचे तापमान किती, दाब किती, कोणता अलार्म चालू आणि कोणता बंद, हे दर दहा सेकंदांनी कंट्रोल रूममधल्या संगणकात आपोआप नोंदले जाते. दर गुरुवारी संध्याकाळी त्या सगळ्या नोंदींची एक प्रत टेपवर घेणे हे माझे काम. टेप म्हणजे पत्त्यांच्या कॅटपेक्षा जरा लहान, निम्म्या जाडीची कॅसेट. सहा टेपा आळीपाळीने वापरतो आणि महिन्याच्या शेवटच्या गुरुवारची टेप कायमची बाजूला ठेवतो. टेपा नौपाड्याच्या कार्यालयात लोखंडी कपाटात असतात. उद्या कारखान्यात आग लागली तरी नोंदी शाबूत राहाव्यात, यासाठी ही व्यवस्था. टेपच्या वेष्टनावर ‘तीस वर्षे’ असे छापलेले असते.

नियम असा आहे की, शुक्रवारी ती टेप नौपाड्याला न्यायची, तिथल्या दुसऱ्या यंत्रात घालून सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली जाते का ते पाहायचे, आणि मग नोंदवहीच्या शेवटच्या रकान्यात तारीख घालून सही करायची. त्या रकान्याचे नाव ‘नौपाडा येथे वाचून पाहिली’. वसाहतीला शुक्रवारी सुट्टी असते आणि नौपाड्याचे कार्यालय त्या दिवशी चालू असते, म्हणून शुक्रवार. हा नियम २०१४ साली मीच लिहिला. रकान्याचे नावही मीच दिले.

१३ जानेवारी २०२६ रोजी मंगळवारी दुपारी ३.५० वाजता दोन नंबरच्या रिअॅक्टरचे झाकण उडाले आणि आग लागली. मारुती शिंगोटे, वय ५२, हे हेल्पर जागीच मरण पावले. ऑपरेटर कमलेश काळुराम गायकर, वय ३१, यांचे दोन्ही हात आणि मान भाजली. कंट्रोल रूम जळाली. त्यात नोंदींचा संगणक आणि टेप लिहिण्याचे यंत्र, दोन्ही गेले. मी त्या वेळी दुसऱ्या इमारतीत होते. मला काही झाले नाही.

कंपनीने पोलिसांना दिलेल्या पत्रात म्हटले आहे की, तापमानाचा अलार्म सारखा वाजत होता म्हणून कमलेश गायकर यांनी त्या दुपारी तो बंद केला आणि त्यामुळे हा अपघात झाला. त्यावरून त्यांच्यावर निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल आहे.

१५ जानेवारीला मी कमलेश यांना ठाण्याच्या रुग्णालयात भेटले. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होते. ते मला म्हणाले, “मॅडम, तो अलार्म गणपतीपासून बंद आहे. मी राजाध्यक्ष सरांना दोनदा बोललेलो. ते बोलले, सेन्सर आला की चालू करू, तोपर्यंत तू लक्ष ठेव. मी लक्ष ठेवत होतो मॅडम.” सलिल राजाध्यक्ष हे आमचे कारखाना व्यवस्थापक. हे बोलणे झाले तेव्हा कमलेश यांचे वडील काळुराम गायकर पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. मी त्यांना म्हणाले, “तात्या, तुम्ही घोर लावून घेऊ नका. अलार्म कधीपासून बंद आहे ते टेपवर आहे. टेप नौपाड्याला सुरक्षित आहे. ती तीस वर्षं टिकते.” हे मी कुणीही न विचारता सांगितले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या जबाबात मी हेच सांगितले. त्यावरून पोलिसांनी सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर अशा चार महिन्यांच्या टेपा आणि नोंदवही पंचांसमक्ष ताब्यात घेतली. नोंदवहीत चारही टेपांपुढे माझी सही आहे. ती पाहून सोनवळे साहेब म्हणाले होते, “असं काम सगळ्यांनी केलं तर आम्हाला काय हवंय?”

१९ जानेवारीला सोमवारी नौपाड्याच्या कार्यालयात टेपा वाचण्याचे ठरले. त्यासाठी क्षिप्रा लिमये यांना बोलावले होते. त्या जुन्या डिस्क आणि टेपांमधून माहिती काढून देण्याचा व्यवसाय करतात. त्यांनी स्वतःचे यंत्र आणले होते. आमचे नौपाड्याचे यंत्रही चालू होते. चारही टेपा दोन्ही यंत्रांत घालून पाहिल्या. एकही वाचली गेली नाही. यंत्र दोन-तीन मिनिटे घरघर करायचे आणि टेप बाहेर टाकायचे. चार टेपा, दोन यंत्रे, आणि प्रत्येक यंत्रात प्रत्येक टेप निदान चार वेळा, असे संध्याकाळी साडेपाचपर्यंत चालले.

मला तेव्हा नेमके काय वाटले ते सांगता येणार नाही. टेबलावर चार टेपा ओळीने ठेवल्या होत्या आणि त्यांच्यावर माझ्या अक्षरात तारखा होत्या, एवढे दिसत होते. कुणीतरी मला पाणी आणून दिले.

क्षिप्रा लिमये यांनी मला विचारले, “मॅडम, टेप कोरी नाहीये. काहीतरी लिहिलंय, पण पकडीत येत नाही. तुमच्या कारखान्यातल्या यंत्राला कधी काही झालेलं का? पडलं, आपटलं, दुरुस्तीला गेलेलं?”

मी म्हणाले, “नाही.”

त्या क्षणी मला एप्रिल २०१९ ची गोष्ट आठवली होती का, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. आठवली नव्हती असे मला वाटते. पण ‘नाही’ हा शब्द माझ्या तोंडून फार लवकर आला, हेही खरे आहे.

त्याच संध्याकाळी राजाध्यक्ष यांनी मला फोन केला. ते म्हणाले, “अगं, टेप काय अमृत पिऊन आलेली असते का? त्याच त्याच टेपा किती वर्षं फिरवतोय आपण. झिजल्या. तसं दोन ओळींत लिहून दे, मी पाठवतो.” मी लिहून दिले. ‘वारंवार वापरामुळे टेपा झिजून कालबाह्य झाल्या असाव्यात’ हे वाक्य माझे आहे. ‘असाव्यात’ हा शब्द मी मुद्दाम घातला. त्या एका शब्दावर मी बरेच दिवस काढले. कंपनीच्या पत्रात ‘झाल्या आहेत’ असे आले.

२१ जानेवारीला संध्याकाळी सहाच्या सुमारास काळुराम गायकर आणि त्यांच्या पत्नी शालूबाई माझ्या घरी आले. काळुराम यांचे वय ६५ च्या आसपास आहे. हल्ली वसाहत आहे त्या भागात पूर्वी त्यांची भातशेती होती आणि खाडीकडे त्यांचे वडील मिठागरात कामाला जात. ते सोफ्यावर बसले नाहीत, जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची ओढून घेतली. त्यांच्याशी झालेले बोलणे मी शक्य तितके त्यांच्याच शब्दांत सांगते.

ते म्हणाले, “ताई, मना येकच सांगा. टेपला काय झाला?”

मी म्हणाले, “झिजली, तात्या. जुनी झाली.”

“कवाची व्हती?”

“सप्टेंबरची.”

ते थोडे हसले. म्हणाले, “माझा बाबा मिठागरात व्हता. खाऱ्या पान्यात उभा ऱ्हाऊन त्याचा फावरा चालीस वर्षा टिकला. तुमची टेप कपाटात बसून चार महिन्यात झिजली?”

माझे पती साकेत तिथेच होते. त्यांनी टेप कशी नाजूक असते, दमट हवेने काय होते, असे काहीतरी समजावायला सुरुवात केली. काळुराम यांनी त्यांना हाताने थांबवले. “तुमी नका सांगू. ताईंनी हास्पिटलात मना सांगलेला, तीस वर्षा. मी त्येंनाच इचारतो. जमीन आमची, कारखाना आमच्याच वावरात, आनि जाळला बी आमच्याच पोरानी, असा लिवनार का तुमी?”

जाताना शालूबाईंनी चहाचे कप स्वतः उचलून आत ओट्यावर नेऊन ठेवले.

आता मी जे पहिल्या जबाबात सांगितले नाही ते सांगते.

ऑगस्ट २०१४ पासून मी दर शुक्रवारी नौपाड्याला जात होते. जून २०१८ मध्ये माझ्या सासऱ्यांचे डायलिसिस सुरू झाले. त्यांना मिळालेल्या दिवसांत शुक्रवार होता. २२ जून २०१८ च्या शुक्रवारी मी पहिल्यांदा नौपाड्याला गेले नाही. आदल्या दिवशी, गुरुवारी, टेप लिहून झाल्यावर मी ती कारखान्यातल्याच यंत्रात पुन्हा वाचून पाहिली, ती नीट वाचली गेली, आणि डाकेच्या पिशवीतून नौपाड्याला पाठवून दिली. नोंदवहीत मात्र ‘नौपाडा येथे वाचून पाहिली’ या रकान्यात शुक्रवारची तारीख घालून सही केली. टेप वाचलेली होती. फक्त जागा आणि दिवस वेगळा होता. मला ते खोटे वाटले नाही.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. सासरे डिसेंबर २०१८ मध्ये वारले. त्यानंतरही मी शुक्रवारी नौपाड्याला गेले नाही.

२२ जून २०१८ ते ९ जानेवारी २०२६ या काळात माझ्या अशा ३८७ सह्या आहेत. कोविडमध्ये कारखाना बंद होता ते आठवडे सोडून. त्यांतल्या अकरा शुक्रवारी मी ठाणे जिल्ह्यातच नव्हते. ते रोजनिशीत आहे.

साहेबांनी विचारले की, कंपनीत कुणाला हे माहीत होते का. माझ्या माहितीप्रमाणे नाही. नोंदवही कुणी तपासत नसे. ती नीट ठेवलेली आहे, एवढे पाहून दरवर्षी तपासनीस शेरा मारून जात.

१९ जानेवारीनंतर मी मनाशी असे धरून चालले होते की टेपा खरेच झिजल्या, आणि मी नौपाड्याला गेले असते तरी काही फरक पडला नसता. दोन आठवडे मी हे धरून होते. मग काळुराम यांचा फावड्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. झिजायचे तर जास्त जुन्या टेपा आधी झिजायला हव्यात, हे मला भौतिकशास्त्र शिकूनही सुचले नव्हते.

६ फेब्रुवारीला, शुक्रवारी, मी नौपाड्याच्या कार्यालयात गेले. साडेसात वर्षांनी शुक्रवारी गेले. कपाटात पोलिसांनी न नेलेल्या जुन्या टेपा होत्या. प्रत्येक टेपची वरची खिट्टी सरकवून तिच्यावर काही लिहिले जाणार नाही याची मी आधी खात्री केली. मग सर्वात जुनी, २०१४ ची, यंत्रात घातली. ती वाचली गेली. सबंध. साडेअकरा वर्षांची टेप, एकही चूक नाही. २०१६ ची वाचली गेली. २०१८ ची वाचली गेली. २८ मार्च २०१९ ची वाचली गेली. २५ एप्रिल २०१९ ची घातली, ती यंत्राने बाहेर टाकली. मेची टाकली. २०२१ ची टाकली. २०२४ ची टाकली.

मी २५ एप्रिलची पुन्हा घातली नाही. मला तेव्हा ९ एप्रिल २०१९ आठवला होता.

त्या दिवशी आमची कंट्रोल रूम खालच्या मजल्यावरून वर हलवली. सामान ढकलगाडीवरून नेत होते. दाराच्या उंबरठ्याला चाक अडले आणि टेपचे यंत्र डाव्या बाजूवर फरशीवर पडले. मी तिथे होते. आम्ही ते उचलून जोडले. हिरवा दिवा लागला. मी एक टेप लिहिली आणि त्याच यंत्रात वाचून पाहिली. वाचली गेली. सगळे हसले, कुणीतरी म्हणाले, “जुना माल आहे, पडून बिघडत नाही.” मीही हसले. रोजनिशीत त्या दिवसाखाली फक्त ‘शिफ्टिंग झाले, पाठ दुखते’ एवढेच आहे.

हे यंत्र टेपवर तिरप्या रेघा ओढत लिहिते. पडल्यामुळे आतला एक भाग केसभर कलला असणार आणि रेघा जरा निराळ्या तिरक्या पडू लागल्या. ते यंत्र स्वतःच्या रेघा स्वतः बरोबर वाचायचे, कारण लिहिताना जेवढे वाकडे तेवढेच वाचताना. दुसऱ्या कुठल्याही यंत्राला त्या दिसत नव्हत्या. टेपा झिजल्या नव्हत्या. टेपा आजही चांगल्या आहेत. त्यांना वाचू शकणारे जगात एकच यंत्र होते आणि ते १३ जानेवारीला जळाले.

त्या एप्रिलनंतर मी एका, फक्त एका शुक्रवारी नौपाड्याला गेले असते, तर त्याच दिवशी हे कळले असते.

कार्यालयातल्या बाई कुलूप लावायला आल्या तेव्हा मी उठले. माझा डबा तसाच होता. मी स्टेशनकडे जायला निघाले आणि चालत टेंभी नाक्याला पोचले. तिथे का गेले ते मला सांगता येत नाही. तिथून रिक्षा केली.

६ ते १३ फेब्रुवारी हे सात दिवस मी कुणालाही काही सांगितले नाही. यंत्र पडले होते हे सांगितले, तर लगेच पुढचा प्रश्न येणार की, मग नौपाड्याच्या यंत्रात सात वर्षे टेप कशी वाचली गेली. दोन्ही गोष्टी एकत्रच सांगाव्या लागणार होत्या. नोकरीची भीती होती. साहेबांसमोर खोटे ठरण्याची होती. कमलेश यांची आठवण होत होती का, असे विचाराल तर होत होती. तरीही सात दिवस गेले.

१३ फेब्रुवारीला मी क्षिप्रा लिमये यांना भेटले. चारही टेपा पोलिसांच्या पत्रावरून अजून त्यांच्याच ताब्यात होत्या. मी त्यांना यंत्र पडल्याचे सांगितले, कोणत्या बाजूवर पडले तेही सांगितले. त्या म्हणाल्या, “अहो, डॉक्टरचं अक्षर त्याच्या खालच्या केमिस्टलाच लागतं. तसं झालंय हे. आता मला माझ्या यंत्राला तेवढंच वाकडं करायला लागेल.” ते जमेल का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “जमेल न जमेल. पण एक सांगू? राग मानू नका. हे तुम्ही एकोणीस तारखेला बोलला असतात, तर मी त्या चार टेपांना आठ-आठ वेळा घासलं नसतं. ताणल्या गेल्यात त्या. आता एकदाच चान्स आहे, फार तर.”

पोलिसांना आधी का कळवले नाही, असे साहेबांनी आज विचारले. मला आधी खात्री करून घ्यायची होती, असे मी म्हणाले. ते अर्धे खरे आहे.

क्षिप्रा लिमये यांनी त्याच दिवशी पोलीस ठाण्यात फोन केला. १४ फेब्रुवारीला शनिवारी हवालदार आणि दोन पंच यांच्या समक्ष काम झाले. लिमये यांनी आपल्या यंत्रातला एक बारीक स्क्रू जरा जरा फिरवत, २०१९ आणि २०२१ च्या बिनमहत्त्वाच्या टेपांवर सकाळपासून प्रयोग केले. दुपारी पावणेतीनला २०१९ ची एक टेप वाचली गेली. मग त्यांनी सप्टेंबरची घातली. माझ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, “बोलू नका आता कुणी.”

टेप अकरा मिनिटे चालली. मग आत ताणून तुटली.

त्या अकरा मिनिटांत २५ सप्टेंबर २०२५ च्या सकाळच्या ९.०० ते ११.२० च्या नोंदी मिळाल्या. त्यांत दर दहा सेकंदांनी तेच लिहिलेले आहे : रिअॅक्टर दोन, तापमान अलार्म, बंद. म्हणजे अपघाताच्या ११० दिवस आधी तो बंद होता. कमलेश गायकर यांनी तो १३ जानेवारीच्या दुपारी बंद केला, हे त्यामुळे खरे असू शकत नाही. मधे कधी तो चालू करून पुन्हा बंद केला का, हे बाकीच्या तीन टेपा वाचल्याशिवाय सांगता येणार नाही. मुळात कोणी बंद केला, ती नोंद या अकरा मिनिटांत नाही. त्याबद्दल मी तर्क करत नाही. उरलेल्या तीन टेपांना आता हात लावू नये, त्या न्यायालयाच्या परवानगीने सरकारी प्रयोगशाळेत द्याव्यात, असे क्षिप्रा लिमये यांचे मत आहे. मला ते बरोबर वाटते.

हे सर्व सांगून झाल्यावर सोनवळे साहेबांनी मला पुढील प्रश्न विचारले. ते जबाबात यावेत असे मी म्हणाले.

“या टेपवर पंचवीस सप्टेंबर कोणी लिहिलं?”

“लेबलवर मी. आतल्या नोंदींवर संगणकाने.”

“संगणकाचं घड्याळ कोण लावायचं?”

“मीच. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी फोनवरून पाहून लावत असे.”

“त्याची नोंद?”

“नाही.”

“म्हणजे लेबल तुम्ही, घड्याळ तुम्ही, नोंदवही तुम्ही. आणि नोंदवही खोटी, असं तुम्हीच आत्ता सांगितलंत. मॅडम, मला टेप मिळाली याचा आनंद करू की डोकं धरू? कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार. सात वर्षं दर आठवड्याला खोटं लिहिणाऱ्या बाईची तारीख आम्ही खरी का मानावी? आणि तिथे माझ्याकडे बघून उपयोग नाही. तुम्हाला उत्तर द्यायला लागेल.”

हे माझ्या लक्षात आले नव्हते. टेप वाचली जावी म्हणून जे सांगायला हवे होते, त्यानेच टेपवरचा भरवसा जातो, हे मला इथे या खुर्चीत बसल्यावर कळले. कमलेश यांच्या बाजूने असलेला एकमेव पुरावा माझ्याच हातांतून आलेला आहे, आणि माझा हात कसा आहे हे मीच लिहून देत आहे. मी थोडा वेळ थांबायला मागितले. मला बाहेरच्या बाकावर बसवण्यात आले. वीस मिनिटांनी पुन्हा आत घेतले.

परत आल्यावर मी साहेबांना सांगितले की, माझ्याकडे २०१४ पासूनच्या सगळ्या रोजनिश्या आहेत. ज्या शुक्रवारी मी खरोखर नौपाड्याला गेले, त्या दिवसाखाली ते लिहिलेले असते, कुणाबरोबर जेवले, परत यायला किती वाजले, असे. ज्या शुक्रवारी गेले नाही तिथे घरचे लिहिलेले आहे. मी तेव्हा हे पोलिसांसाठी लिहीत नव्हते. साहेब म्हणाले, “मग असं करा. खोट्या किती ते सांगितलंत. आता खऱ्या कुठल्या ते वेगळं काढून आणा, एकेक. पूर्वी ही बाई नियमाने जायची आणि जात नव्हती तेव्हा स्वतःच्या वहीत तसं लिहायची, एवढं दिसलं तर बोलायला जागा आहे.” नोंदवहीची झेरॉक्स प्रत मला देण्यात आली.

२०१४ ते २०१८ च्या माझ्या सगळ्या सह्या खऱ्या आहेत, असे मी आज सकाळपर्यंत शपथेवर सांगितले असते. आता पाहिल्याशिवाय सांगणार नाही.

काळुराम गायकर यांना हे मी स्वतः सांगू का, असे मी विचारले. साक्षीदाराने आरोपीच्या घरी जाऊ नये, पोलीस त्यांना कळवतील, असे मला सांगण्यात आले. मी जाणार नाही.

वरील मजकूर मी सांगत गेले तसा संगणकावर घेण्यात आला. साहेबांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन जागी मी बदल सुचवला : ‘टेपा खराब झाल्या’ असे आले होते तिथे ‘वाचता आल्या नाहीत’ केले, आणि ‘नजरचुकीने सही केली’ यातला ‘नजरचुकीने’ काढायला लावला. त्यानंतर छापील प्रत मी माझ्या डोळ्यांनी पहिल्या ओळीपासून वाचली. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. कुणाच्या दबावाखाली दिलेला नाही.

उद्याचे काम : रोजनिश्या माळ्यावरून काढणे आणि १ ऑगस्ट २०१४ पासून, खऱ्या शुक्रवारांपुढे खूण करत जाणे.